रविवार सकाळचा अंगठा

परवा कपाट आवरताना जुना निन्टेन्डो डीएस लाइट सापडला. चार्जर शोधला, लावला, आणि काय आश्चर्य, केशरी दिवा लागला! आत 'मेट्रॉइड प्राइम हंटर्स'चं कार्ड तसंच होतं. सुरू केला आणि दहाव्या मिनिटाला डावा अंगठा दुखायला लागला. या दुखण्याची आणि माझी जुनी ओळख आहे.

हा गेम २००६ सालचा. समस अरान ही चिलखतातली शिकारी बाई, परके ग्रह आणि सहा प्रतिस्पर्धी शिकारी, असा सगळा मामला. धाकट्या भावाने अमेरिकेहून येताना आणला होता. दोन डीएस, दोन कार्डं; एक त्याचं, एक माझं. मी तेव्हा तिशी ओलांडलेला, त्यामुळे आईने "आता हे काय नवीन" अशा नजरेने पाहिलं होतं.

आधी चांगलं सांगतो. छोट्या यंत्रावर बंदुकीचा खेळ खेळणं म्हणजे एरवी शिक्षा असते, कारण नेम धरायला काही धड नसतं. इथे खालच्या पडद्यावर पेन टेकवून फिरवायचं की समसची नजर त्या दिशेला वळते. माऊसने खेळतो ना, जवळजवळ तसंच. २५६ बाय १९२ ठिपक्यांच्या त्या चिमुकल्या पडद्यावर लाव्हाने भरलेला अलिनॉस आणि बर्फाळ आर्कटेरा इतके छान दिसायचे की वाटायचं, हे या डबीत मावलं कसं!

आणि ते शिकारी. स्पायर लाव्हात बिनधास्त चालतो. वीव्हल स्वतःचे दोन तुकडे करतो आणि कमरेखालचा भाग तोफ होऊन पहारा देतो. नॉक्सस गोठवून टाकतो. प्रत्येकाची खेळण्याची रीत वेगळी, त्यामुळे कोण कुठला शिकारी निवडतो यावरून माणूस कळायचा. भाऊ कायम ट्रेस घ्यायचा, जो अदृश्य होऊन दबा धरतो आणि लांबून एका गोळीत डोकं उडवतो. मी स्पायर. जड, सावकाश, समोरून चालून जाणारा. लहानपणी आमची भांडणंही अशीच व्हायची.

आता दुसरी बाजू. एकट्याने खेळायची मोहीम फारच पातळ. चार ठिकाणं, प्रत्येकी दोन, असे आठ ऑक्टोलिथ गोळा करायचे. राखणदार मात्र दोनच जातींचे, थोडेफार बदलून पुन्हा पुन्हा समोर येतात. चौथ्यांदा तोच खांब किंवा तोच डोळा पाहिला की जांभई येते. त्यात प्रत्येक विजयानंतर घड्याळ लावून यानापर्यंत पळत परत जायचं. पहिल्यांदा छाती धडधडते, आठव्यांदा बस पकडायला धावल्यासारखं वाटतं.

आणि अंगठा. उजव्या हातात पेन, म्हणजे २१८ ग्रॅमचं सगळं ओझं डाव्या हातावर. त्याच हाताच्या अंगठ्याने चालायचं, त्याच हाताच्या तर्जनीने गोळी झाडायची. अर्ध्या तासात मनगट बोलायला लागतं.

पण आमच्यासाठी हा गेम वेगळ्याच कारणाने महत्त्वाचा झाला. २००९ मध्ये बाबा गेले आणि वर्षभरात घराचा प्रश्न निघाला. त्याला विकायचं होतं, मला नाही. फोनवर एकदा आवाज चढले आणि मग फोनच बंद झाले. आईशी तो बोलायचा, पण ती "घे, दादाशी बोल" म्हणाली की फोन कट.

हा गेम मात्र इंटरनेटवरूनही खेळता यायचा. बारा आकडी फ्रेंड कोड एकमेकांना आधीच दिलेले होते. वाय-फाय सुद्धा कसलं, तर डीएसला फक्त जुनं डब्ल्यूईपी कुलूप कळायचं. त्याच्यासाठी मी घरचा राउटर मुद्दाम कच्च्या कुलपावर ठेवला होता. एका रविवारी सकाळी साडेसातला सहज गेम लावला, तर यादीत तो दिसला. त्याच्याकडे शनिवारची रात्र. खेळ सुरू होण्यापूर्वी आणि संपल्यावर मित्रांशी बोलता यायचं, मध्ये नाही. त्या छोट्या माइकमधून खरखरत आवाज आला, "दादा, आहेस?"

मी म्हटलं, "आहे. लाव."

पुढची काही वर्षं आमचं बोलणं एवढंच. खेळाआधी "लाव", खेळानंतर "पुन्हा?" मध्ये सात-आठ मिनिटं तो मला लांबून टिपायचा आणि मी त्याच्या अंगावर लाव्हा फेकत राहायचो. घराचा विषय काढायला जागाच नव्हती. हा दोष की गुण, मला अजून ठरवता आलेलं नाही. कदाचित सलग बोलता आलं असतं तर आम्ही पुन्हा भांडलो असतो. कदाचित आधीच मिटलं असतं.

२० मे २०१४ ला निन्टेन्डोने डीएसची ती सेवा बंद केली. त्याआधीच्या रविवारी शेवटचा डाव झाला. तो जिंकला, नेहमीप्रमाणे. मग खरखर, आणि म्हणाला, "आता काय करायचं?" मी म्हटलं, "फोन कर." त्याने केला. त्याच दिवशी. पहिली पाच मिनिटं आम्ही नुसते त्या खांबाला आणि डोळ्याला शिव्या घातल्या. घराचं बोलणं पुढच्या महिन्यात झालं. घर शेवटी विकलं, आणि खरं सांगायचं तर त्याचंच बरोबर होतं.

डिसेंबर २०२५ मध्ये 'मेट्रॉइड प्राइम ४' आला. त्यात खलनायक म्हणून सायलक्स आहे, हंटर्समधल्या सहांपैकीच एक. भावाचा मेसेज आला, "बघ, आपल्यातला एक मोठा झाला."

जवळ बसून दोन डीएस अजूनही एकमेकांना जोडता येतात, त्याला कुणाच्या सर्व्हरची गरज नाही. दिवाळीत तो येणार आहे. त्याचं कार्ड आण म्हणून सांगितलंय. तोवर अंगठ्याला तेल लावणं सुरू आहे.