शनवाऱ्यातलं घुमट

बऱ्हाणपूरला मी शिकायला कसा पोचलो ती गोष्ट वेगळी. थोडक्यात सांगायचं तर मावशीचं घर शनवाऱ्यात होतं आणि मी बी.कॉम.ला होतो.

तर झालं असं, की गॅदरिंगसाठी कॉलेजचा ऑर्केस्ट्रा बसत होता. ऑर्केस्ट्रा म्हणजे आपला सिनेमाच्या गाण्यांचा. पेटी, तबला, ढोलक, बँजो आणि कुणाचा तरी उसना आणलेला कॅसिओ. वाजवणारे सगळे बी.ए.ला संगीत घेतलेले. मी त्यांच्यात शिरलो तो घुमटामुळे. चवथ करून परतताना हौसेनं गोव्याहून सोबत नेलं होतं. (आता गोवा सरकारनं २०१९ साली त्याला वारसा वाद्य केलंय. तेव्हा ते आरतीचं घुमट, बस्स.) पूर्वी त्यावर घोरपडीचं कातडं असे. १९७२च्या वन्यजीव कायद्यानंतर बकऱ्याचं आलं. माझं बकऱ्याचंच.

"ये मटका बजाओगे?" म्हणून पोरं हसली. डाव्या तळव्यानं तोंड झाकत-उघडत दोन थापा मारल्या, तेव्हा ढोलकवाला जवळ सरकला.

पण खरी फजिती पुढेच. आमच्या आरतीत घुमट, शामेळ, कांसाळें एकदा सुरू झालं की आरती संपेपर्यंत थांबत नाही. इथं एका गाण्यात मला फक्त चार जागा. मधे दोन अंतरे गप्प बसायचं! ते मला कुणी शिकवलंच नव्हतं. त्यात तालमीच्या खोलीमागे पॉवरलूम. खटाखट, खटाखट. हात तबल्याऐवजी मागाच्या लयीत जायचा. शेवटी तबलेवाल्यानं बोटांच्या पेरांवर मात्रा मोजायला शिकवलं. मग काय, अकाउंटन्सीच्या तासाला बाकाखाली माझं तेच चालायचं. त्या वर्षी मार्क किती पडले ते विचारू नका.

गॅदरिंगच्या रात्री थंडी होती. कातडं सैल पडलं म्हणून शेकोटीवर धरलं. जरा जास्तच धरलं असणार. पहिल्याच थापेला टर्रकन फाटलं. बऱ्हाणपुरात ते मढवणार कोण?

उठून जायची सोय नव्हती, पडदा वर गेलेला. फाटकं घुमट मांडीवर घेऊन बसलो आणि पेरांवर मोजत राहिलो. माझी पहिली जागा आली तेव्हा तबलेवाल्यानं माझ्याकडे बघून मान हलवली. मीही हलवली. दुसरीला तसंच. तिसरीला तो हसला.

चौथी जागा मी त्याच्या आधी ओळखली.