हॅमशिवाय बीन्स



गेल्या हनुक्काला माझ्या नातीने मला स्लो कुकर आणून दिला. गुडघ्यांमुळे हल्ली मला गॅसपाशी फार वेळ उभं राहवत नाही, हे तिने पाहिलं होतं. खोक्यात पाककृतींची छोटी पुस्तिका होती. तिने पहिलंच पान उघडलं आणि खो खो हसत सुटली. "आजी, हे तर त्रेफा मशीन आहे!" पानावर मोठा फोटो होता : हॅम आणि पांढऱ्या बीन्स, थंडीतलं मायेचं जेवण.

मी पण हसले. पण त्या फोटोकडे बघून मला १९७० सालचं मॅंचेस्टर आठवलं. ती गोष्ट मी आजवर कोणाला सांगितली नव्हती, नातीच्या आजोबांना सुद्धा नाही. या वयात लपवून काय करायचं, म्हणून लिहिते.

मी मुंबईहून नर्सिंग शिकायला आले तेव्हा बावीस वर्षांची होते. सर एली कदुरी शाळेत मराठीतून शिकलेली, भायखळा-माझगावच्या पलीकडे एकटी कधी न गेलेली मुलगी. पहिले काही महिने एका विधवा बाईंच्या घरी खोली घेऊन राहिले. रात्रपाळी संपवून सकाळी परत यायची तेव्हा बोटं गारठून किल्ली कुलपात जात नसे. बाई मला स्वयंपाकघरात बसवायच्या आणि ताट पुढे ठेवायच्या. ताटात बीन्स, त्यात हॅमचे तुकडे. हाड रात्रभर मंद आचेवर बीन्सबरोबर शिजलेलं. घरभर वास.

मी तुकडे काट्याने बाजूला करायची, रुमालात गुंडाळायची आणि बीन्स खायची. हो, खायची. रस तर त्यातलाच ना! मला कळत होतं. पण भूक होती, थंडी होती, आणि "मी हे खात नाही" म्हणायला जीभ रेटत नव्हती. आई दर आठवड्याला एरोग्रामवर विचारायची, "काय खातेस, बाळ?" मी लिहायची, "भाजी, ब्रेड, अंडी." एक अख्खा हिवाळा असा गेला.

मार्चमध्ये बाईंना माझ्या कोटाच्या खिशात रुमाल सापडला. मी रडत रडत सांगितलं की मी ज्यू आहे. त्यांना आधी खरंच वाटेना. "इंडियातून आलेली, आणि ज्यू?" (हा प्रश्न आपल्यापैकी प्रत्येकाने या देशात किती वेळा ऐकला असेल!) मग एवढंच म्हणाल्या, "अगं, मग पहिल्या दिवशीच का नाही सांगितलंस?" दुसऱ्या दिवशी त्यांनी एक नवीन छोटं इनॅमलचं पातेलं आणलं, त्याच्या कानाला निळा दोरा बांधला. त्यात माझ्यासाठी वेगळ्या बीन्स शिजू लागल्या, कांदा आणि गाजर घालून. तो दोरा मी तिथून जाईपर्यंत सुटला नाही. त्या पातेल्यातल्या बीन्ससारखी चव मला या देशात दुसरीकडे मिळाली नाही.

तशी कडधान्यं आपल्याला काही परकी नाहीत. मुलांनो, तिशा बेआबला आपले लोक "बिरड्याचा रोजा" म्हणत आले, कारण त्या उपासाला वालाचं बिरडं ठरलेलं. माझी आजी अलिबागकडची. ती वाल भिजवून फडक्यात बांधून ठेवायची. मोड आले की कोमट पाण्यात टाकून आम्हा पोरांना सोलायला बसवायची. नखं दुखायची. पण नारळाच्या रसातलं ते बिरडं भाताबरोबर खाताना सगळं विसरायला व्हायचं. मटणाच्या कालवणात आपण दूध घालत नाही, नारळाचा रस घालतो. तो दुधासारखा दिसला तरी दूध नव्हे.

आता त्या "त्रेफा" मशीनबद्दल. नातीने नंतर शोधून काढलं आणि मला फोन केला. हे भांडं ज्याने केलं तो अमेरिकेतला आयर्विंग नॅक्सन, म्हणजे आपलाच ज्यू! त्याची आई लिथुएनियातल्या विल्ना गावच्या गोष्टी सांगायची. शुक्रवारी संध्याकाळी बीन्स आणि मांसाचं पातेलं, म्हणजे चोलेंट, बेकरीच्या भट्टीत नेऊन ठेवायचं. भट्टी विझत जायची, तिच्या उरलेल्या उबेवर ते रात्रभर शिजायचं आणि शाब्बाथला गरम मिळायचं. त्यावरून नॅक्सनला सुचलं. १९४० मध्ये त्याला पेटंट मिळालं, आणि भांड्याचं नाव "नॅक्सन बीनरी", म्हणजे बीन्सचंच भांडं. १९७० मध्ये रायव्हल कंपनीने त्याचा धंदा विकत घेतला, पुढच्या वर्षी "क्रॉक-पॉट" नावाने ते बाजारात आलं आणि घरोघरी गेलं. हॅम त्यात नंतर पडला.

बरं, एक कबुली अजून बाकी आहे. आयुष्यभर नर्स असून पहिल्याच वेळी मी चूक केली. राजमा भिजवला आणि तसाच कुकरमध्ये घातला. चार तासांनी एक वाटी खाल्ली, मग रात्री दोनदा उलट्या आणि पोटात मुरडा. राजम्यात लेक्टिन नावाचं विष असतं. ते जोरात उकळल्याशिवाय मरत नाही, आणि स्लो कुकर तेवढा तापेलच असं नाही. अर्धवट तापवलेला राजमा कच्च्यापेक्षाही वाईट. या देशात १९७६ साली सुट्टीवर गेलेली काही शाळकरी मुलं नुसते भिजवलेले राजमे खाऊन आजारी पडली, तेव्हा डॉक्टरांचं लक्ष इकडे गेलं. मला हे सगळं माहीत होतं, तरी केलं. म्हणून कोणाचंही कडधान्य असो, नीट उकळा. डब्यातल्या बीन्स शिजलेल्याच असतात, त्यांना काही करावं लागत नाही.

मी आता करते ते असं. पाव किलो पांढऱ्या हॅरिको बीन्स रात्रभर, बारा तास तरी, भिजवायच्या. ते पाणी फेकून नव्या पाण्यात गॅसवर दहा मिनिटं खळखळून उकळायच्या. तेही पाणी टाकायचं. दोन कांदे तेलात लाल करायचे, त्यात लसूण, हळद, तमालपत्र आणि चमचाभर धुरकट पॅप्रिका. हॅमच्या धुराच्या वासाची जागा ती घेते. कोशर खाटकाकडून मानेचं मटण आणते, हाडासकट. सगळं कुकरमध्ये घालून वर एक बोट पाणी, जास्त नको, कारण वाफ बाहेर जात नाही. मंद आचेवर आठ तास. टोमॅटो आणि आमसूल आधी घालू नका, आंबटाने बीन्स कडक राहतात. ते शेवटी. मग वाटीभर नारळाचं दूध, कोथिंबीर, मीठ चाखून.

शुक्रवारी मी सकाळी सातलाच सुरू करते. डिसेंबरात लंडनला पावणेचारच्या आत मेणबत्त्या लावाव्या लागतात, तोवर आंबटगोड सगळं घालून झालेलं हवं. मग भांड्याला हात लावायचा नाही. झाकण सारखं उघडू नका, मुलांनो, प्रत्येक वेळी वेळ वाढतो.

नातीने विचारलं, "आजी, तू पणजीला कधी सांगितलंस?" नाही सांगितलं. आई १९९१ मध्ये गेली. तिला वाटायचं, मी अंडी-ब्रेडवर दिवस काढले.

परवा त्या नव्या कुकरच्या कानाला मी निळा दोरा बांधला. नात म्हणाली, हा कशाला? म्हटलं, बस, सांगते. उरलेल्या बीन्स रविवारी टोस्टवर घालून खाल्ल्या, दोघींनी.