वाट न पाहणारं रोप

लाइपत्सिग, जानेवारी

तीर्थस्वरूप मामांस,


घरात दिवा लावून मी नेमकं काय वाढवतोय, असं तुम्ही विचारलं होतंत. उत्तर फोनवर मावणारं नव्हतं, म्हणून सविस्तर लिहितो.

ते गांजाचं रोप आहे. आधी कायद्याचं सांगतो, म्हणजे जिवाला घोर नको. जर्मनीत १ एप्रिल २०२४ पासून इथे राहणाऱ्या प्रौढ माणसाला स्वतःपुरती तीन झाडं घरात लावायची मुभा आहे. ती मुलांच्या हाती लागू द्यायची नाहीत आणि त्यातलं काही कुणाला द्यायचं नाही. माझं एकच रोप आहे, तेही कुलपाच्या खोलीत. आपल्याकडे १९८५ च्या अंमली पदार्थांच्या कायद्यानुसार परवान्याशिवाय गांजा लावणं हा गुन्हा आहे. तेव्हा हे पत्र वाचून कुणाच्या मनात बियाण्याचा विचार आला, तर त्याला तिथेच थांबवा.

मला बोलायचंय ते या रोपाच्या फुलण्याबद्दल, कारण फुलण्याचं गणित मी पहिल्यांदा तुमच्या पुरंदरच्या पॉलिहाउसमध्ये पाहिलं. रात्र लांबली की शेवंती कळी धरते. म्हणून लागवडीनंतर तुम्ही मध्यरात्री दिवे लावून तिची रात्र मोडता. दांडा हवा तेवढा वाढला की दिवे बंद होतात आणि कळ्या दिसू लागतात. पाऊस, मजुरी, बाजारभाव यातलं काहीच हातात नसताना फुलाची तारीख तेवढी तुमच्या हातात असते.

नेहमीचा गांजाही याच रीतीचा. झाडाला दिवसाची लांबी कळते, याचा पहिला पुरावा तर त्याच्याच घराण्यातून मिळाला. ज्यूलियँ तुर्न्वा हा फ्रेंच संशोधक जपानी हॉप आणि गांजाच्या रोपांवर काम करत होता. दिवसातून थोडाच वेळ उजेड मिळालेली रोपं कोवळ्या वयातच फुलतात, हे त्याने १९१२ मध्ये नोंदवलं. पहिल्या महायुद्धाच्या सुरुवातीलाच तो मारला गेला आणि काम अर्धवट राहिलं. पुढे १९२० मध्ये अमेरिकेत गार्नर आणि ॲलार्ड यांनी तंबाखू आणि सोयाबीनवर प्रयोग करून हा नियम पक्का केला. तुमच्या पॉलिहाउसमधल्या दिव्यांमागे हीच सगळी मेहनत आहे.

माझं रोप मात्र हा नियम पाळत नाही. याला ऑटोफ्लॉवर म्हणतात, आणि त्याच्यात रुडेरॅलिस नावाच्या रानटी गांजाचा अंश आहे. यानिशेव्स्की या रशियन वनस्पतिशास्त्रज्ञाने १९२४ मध्ये त्याची वेगळी जात म्हणून नोंद केली. ते रानात वाढतं त्या मुलखात उन्हाळा आखूड, पण उन्हाळ्यातले दिवस खूप लांब. रात्र मोठी होण्याची वाट पाहणारं झाड बी धरण्याआधीच थंडीने मेलं असतं. टिकलं ते स्वतःच्या वयावर फुलणारं. नेहमीच्या गांजाशी संकर केला तर हा गुण पहिल्या पिढीत बहुधा लपतो आणि दुसऱ्या पिढीत साधारण चारांतल्या एका रोपात दिसतो. त्यामुळे असं वाण स्थिर करायला पैदासकारांना कितीतरी पिढ्या निवड करावी लागते.

सध्या इथे बाहेर दिवस जेमतेम साडेआठ तासांचा आहे, आणि आत माझा दिवा अठरा तास चालतो. रोपाला यातल्या कशावरूनच फुलायची वेळ ठरवायची नसते. उजेडावर ते पोसतं, तारीख स्वतःची पाळतं. रुजल्यापासून तीन ते पाच आठवड्यांत ते फुलोऱ्याकडे वळतं आणि बहुतेक वाणांचं आयुष्य अडीच-तीन महिन्यांत आटोपतं.

म्हणून सुरुवातीच्या दिवसांची वही मी फार मनापासून लिहितो. मातीतून आधी दोन गुळगुळीत, लांबट गोल बीजपत्रं वर आली. मग खऱ्या पानांची पहिली जोडी आली, कातरलेल्या कडांची, पण एकेकाच पात्याची. त्यापुढच्या जोडीला तीन पाती, नंतर पाच. प्रत्येक जोडी खालच्या जोडीला आडवी येते, त्यामुळे वरून पाहिलं की फुली दिसते. संध्याकाळी ठरल्या वेळी मी उंची, नवं पेर, दोन पेरांमधलं अंतर आणि पानांचा रंग लिहितो, आणि त्याच जागेवरून एक फोटो काढतो.

सुरुवातीला उंचीच्या रकान्यात जवळपास तोच आकडा येत राहतो. तेव्हा धीर धरावा लागतो, कारण ते दिवस मुळांचे असतात. रोप थांबलंय असं समजून पाणी आणि खत वाढवलं तर मुळांना हवा मिळत नाही, पानं खाली झुकतात आणि वाढ खरोखरच थांबते. मी कुंडी उचलून वजनावरून ओल ओळखतो. वाफसा पाहायची तुमची सवय इथे फार उपयोगी पडते. दोन पेरांमधलं अंतर एकदम वाढलं, तर उजेड कमी पडतोय हे समजतं. आता मी वाट पाहतोय ती पेराच्या बेचक्यात निघणाऱ्या दोन पांढऱ्या तंतूंची. ते दिसले की रोप मादी आहे आणि फुलोरा सुरू होतोय हे पक्कं होईल.

मामा, शेवंती एक आठवडा मागे पडली तर तुम्ही दिवे आणखी आठवडाभर चालवता आणि तिची कसर भरून काढता. तिचा शेंडा खुडला तर ती थोडी थबकते, मग फुटवे फोडते, आणि त्यासाठी तुम्ही तिला वेळ देऊ शकता. या रोपाला असा वाढीव वेळ देता येत नाही. पहिल्या तीन आठवड्यांत ते खुरटलं तर खुरटलेलंच फुलोऱ्यात जाईल, मग कितीही चांगलं खत घाला. म्हणून याची काळजी आधीच घ्यावी लागते. दुखणं दिसल्यावर उपाय करू म्हटलं, तर उपायाचा उपयोग व्हायला दिवसच उरत नाहीत. मला हे रोप मोलाचं वाटतं ते यासाठी. रोज नीट पाहणं हेही शेतीतलं काम आहे, पाणी आणि खताइतकंच महत्त्वाचं, हे त्याने मला पटवलं.

एक विनंती आहे. पुढच्या लागवडीत वाफ्यातल्या निरनिराळ्या जागांवरची दहा रोपं निवडून त्यांना सुतळी बांधा. दर रविवारी त्यांची उंची आणि पानांची संख्या वहीत लिहा, आणि दिवे कोणत्या रात्री चालले तेही. शाळेतून आल्यावर सोनू हे आनंदाने करेल. दिवे किती रात्री लावायचे हे आपण आजवर सवयीने ठरवत आलो. दोन हंगामांची वही हाती असली, तर दांडा कोणत्या उंचीला आल्यावर दिवे बंद करायचे हे तुमच्याच शेतातल्या आकड्यांवरून ठरवता येईल, आणि जादा रात्रींची वीजही वाचेल. वहीच्या पानांचे फोटो मला पाठवत जा. उंचीचे आलेख मी इथून काढून देईन.

मामींना नमस्कार, सोनूला आशीर्वाद.

तुमचा भाचा