आधी मोजले का, ते विचारा

१ एप्रिल २०२० पासून बीएस-६ लागू झाले आणि बहुतेक मोटरसायकलींत कार्ब्युरेटरच्या जागी इंजेक्शन आले. सोबत ईसीयू आला, मीटरवरचा पिवळा दिवा आला आणि गॅरेजवाल्यांची एक नवी सबबही आली.

माझ्या गाडीचा दिवा लागला. गॅरेजमध्ये स्कॅनरने पी०१२२ दाखवले आणि निकाल लागला: "थ्रॉटलचा सेन्सर गेला, नवा टाका."

मित्रांनो, कोड खरोखर असे म्हणतो का? तो एवढेच सांगतो की, थ्रॉटल पोझिशन सेन्सरच्या सर्किटमधून ईसीयूला फार कमी व्होल्टेज मिळाले. दोष सेन्सरचा, वायरचा की कनेक्टरचा, हे आपणच शोधायचे असते.

घरी बॅटरी मोजली: १२.६ व्होल्ट, ठीक. सेन्सरचा कनेक्टर काढून इग्निशन ऑन केले. पुरवठ्याच्या आणि अर्थच्या वायरमध्ये सुमारे ५ व्होल्ट हवे होते. मल्टीमीटरने शून्य दाखवले. पुरवठाच तुटला असेल, तर बिचारा सेन्सर काय पाठवणार? टाकी उतरवली. पुरवठ्याची वायर फ्रेमला घासून तुटली होती. बॅटरीची निगेटिव्ह काढली, वायर डाग देऊन जोडली, स्लीव्ह चढवली आणि कोड पुसला. तो पुन्हा आला नाही. सेन्सर जुनाच आहे.

ज्याच्याकडे मोजमाप नाही, त्याला दुसऱ्याचा शब्दच पुरावा मानावा लागतो आणि त्याची किंमत त्याच्याच खिशातून जाते. म्हणून चौघांनी मिळून एक मल्टीमीटर घ्या, वायरिंग डायग्राम वाचायला शिका. कुणी "पार्ट बदला" म्हणाले, की शांतपणे विचारा: मोजले का?