साचेखात्यातली दुकानं

डिलाईल रोडच्या चाळीत आम्ही सगळी चुलत भावंडं गिरणीच्या भोंग्यावर उठायचो. सात ते साडेतीन, साडेतीन ते बारा, बारा ते सात. घरातली मोठी माणसं या तीन पाळ्यांत वाटलेली. काका रातपाळीला असले की दिवसा झोपायचे, म्हणून आम्ही पाढेसुद्धा कुजबुजत म्हणायचो. डबा द्यायला गेलं की त्यांच्या भुवयांवर कापूस दिसायचा. सूत तुटू नये म्हणून साचेखात्यातली, म्हणजे मागांवर कापड विणायच्या खात्यातली, हवा मुद्दाम दमट ठेवत, त्यामुळे ऐन थंडीतही त्यांचा सदरा भिजलेला.

18 जानेवारी 1982 ला कामगार पुढारी दत्ता सामंतांचा गिरणी संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले. आईचे दागिने गेले, मोठ्या दादाची शाळा सुटली, दोन घरं गावी परतली. संप मागे घेतल्याचं कुणी कधी जाहीर केलंच नाही.

पुढे तुळशी पाईप रोडवरच्या फिनिक्समध्ये बोलिंग आलं, मग हॉटेलं, कपड्यांची दुकानं. 1905 सालची गिरणी! धाकटा भाऊ तिथेच एका दुकानात कामाला लागला तेव्हा काकांनी पहिला प्रश्न विचारला, "पाळी कुठली?" एकदा त्यांना तिथे नेलं. ते स्वतः दुसऱ्या गिरणीतले, पण कुठलीही गिरणी त्यांना बाहेरून वाचता यायची. साचे जमीन हादरवतात, म्हणून साचेखातं तळाला, उत्तरेचा उजेड घेणाऱ्या दातेरी छपराखाली. सूतकताई वरच्या माड्यांवर. चिमणी दिसली की बॉयलर जवळच. आम्हाला दुकानांच्या पाट्या दिसत होत्या, ते खाती सांगत होते. त्या दिवसाइतके ते आमच्याशी कधीच बोलले नव्हते.

चिमणी ठेवली, हे बरंच झालं. पण जुन्या भिंतींचं कौतुक करताना जमिनीचं काय झालं तेही सांगायला हवं. 1991 च्या विकास नियंत्रण नियमात गिरणीच्या जागेचे तीन वाटे होते: मोकळ्या मैदानांना, घरांना आणि मालकाला. 2001 च्या दुरुस्तीने ही वाटणी फक्त रिकाम्या जागेपुरती उरली, आणि गिरण्यांत रिकामी जागा होतीच किती? 2006 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती दुरुस्ती कायम ठेवली. हा अन्याय आहे, असं आमच्या घरात आजही सगळे म्हणतात.

काका गेले. गिरणी कामगारांना सोडतीने मिळणाऱ्या घरासाठीचा त्यांचा अर्ज आता काकूंच्या नावाने, वारस म्हणून भरलेला आहे. सोडत निघाली की आम्ही भावंडं यादी पाहतो आणि एकमेकांना फोन करतो.