बाबा, सोडे आणतेय!

पंधरा दिवसांसाठी म्हणून हर्णैला आले, त्याला आता दोन महिने झाले. संध्याकाळी बंदरावर मासळीचा लिलाव, समोर सुवर्णदुर्ग, मधूनमधून लॅपटॉपवर डेडलाइन. फुल टू धमाल! (खरं सांगू? नोकरी सोडली म्हणून बाबांशी भांडून पुण्याहून पळाले होते.)

पण १ जूनपासून मासेमारी बंद. बोटी आत्ताच आंजर्ल्याच्या खाडीत शिरू लागल्यात. घरमालकीण काकू रोज म्हणतात, "पाऊस लागायच्या आत घर गाठ हो."

काल बाबांचा फोन आला. दोन महिन्यांतला पहिला. नोकरीबद्दल चकार शब्द नाही. "सोडे मिळतात का गं तिथे?"

अर्धा किलो घेतलेत. उद्या सकाळची एसटी. बॅगेतल्या कपड्यांना वास लागणार. लागू दे.