गांधाराची जागा

व्हायोलिनला पडदे नसतात. पेटीची पट्टी दाबली की स्वर हजर होतो, सतारीवर बोट ठेवायला पडदा असतो. व्हायोलिनच्या काळ्या गुळगुळीत पट्टीवर मात्र कसलीच खूण नसते. वरच्या टोकापासून घोडीपर्यंत तारेची लांबी साधारण 33 सेंटिमीटर. एवढ्यातच सगळे स्वर, आणि त्यांच्या जागा शोधायच्या त्या कानानं. पन्नाशीनंतर मी हे वाद्य हातात घेतलं तेव्हा हे ऐकून माहीत होतं. त्याचा अर्थ उमगत गेला तो रोज पहाटे बिलावलाचं सरळ सप्तक घोटताना.

आमचे सर माझ्याहून वयानं बरेच लहान. मी त्यांना सर म्हणते, ते मला ताई म्हणतात. सुरुवातीचे कित्येक महिने त्यांनी मला ना राग दिला, ना एखादी धून. नुसता सा, मग रे, मग ग. प्रत्येक स्वराला पूर्ण गज. गज संपेपर्यंत स्वर हलायला नको, मध्येच बारीक व्हायला नको, आणि गज उलटताना खाच ऐकू यायला नको. "ताई, आधी गळ्यानं म्हणा. गळ्यात नाही तो बोटात कुठून येणार?" त्यामुळे माझा रियाज निम्मा गाण्याचाच असतो. मला गाता येत नाही असं मी आयुष्यभर समजत आले होते. आता रोज पहाटे मी गाते.

आम्ही मांडी घालून वाजवतो. उजवा पाय थोडा पुढे, त्याच्या घोट्यावर व्हायोलिनचं डोकं आणि दुसरं टोक डाव्या खांद्याशी. वाद्य असं टेकलं की डाव्या हातावर ते पेलायचा भार राहत नाही, तो तारेवर मोकळा सरकतो. आपली मींड निघते ती या मोकळ्या हातामुळे. तारा जाड तारेपासून प-सा-प-सा अशा मिळवलेल्या. या मिळवणीतून एक विलक्षण गोष्ट घडते. षड्जाच्या तारेवर चढत चढत पंचमावर यायचं. बोट नेमकं पडलं की शेजारची पंचमाची मोकळी तार, तिला कुणी शिवलेलंही नसताना, थरथरू लागते. नीट पाहिलं तर डोळ्यांना दिसते. वाद्याचा आवाज एकदम भरतो. बोट किंचित हललं की ती तार गप्प आणि स्वर कोरडा. पहिल्यांदा हे घडलं तेव्हा मी पंचमावरच किती वेळ गज फिरवत बसले होते, सांगता येणार नाही.

गांधाराला अशी तार नाही. माझा सगळ्यात जास्त वेळ घेतला तो त्यानंच, आणि सगळ्यात जास्त दिलंही त्यानंच.

एका सकाळी मी खुंट्यांजवळ अडकवायचा ट्यूनर लावून तंबोऱ्याबरोबर गांधार वाजवत होते. काटा बरोबर मध्यावर आला, तरी कान म्हणत होता, हा नव्हे. स्वरात एक बारीक खरखर, लहरींसारखी डोलत राहिलेली. सरांना विचारलं. त्यांनी ट्यूनर काढून ठेवला, तंबोरा हातात घेतला आणि खर्जाची तार छेडून म्हणाले, "ऐकत राहा." बराच वेळ षड्जच ऐकू येत होता. मग त्या गुंजनाच्या वर, आतूनच कुठून तरी, स्वच्छ गांधार उमलला. हाच स्वयंभू गांधार. तार पूर्ण लांबीनं कंप पावते तशी भागाभागांनीही पावते, आणि पाच भागांच्या कंपनातून हा स्वर निघतो. षड्जाशी त्याचं नातं 5:4 असं साधं. ट्यूनर मात्र सप्तकाचे 12 समान भाग करतो. त्या हिशेबात गांधार सुमारे 14 सेंट चढा पडतो. माझ्या तारेवर हा फरक जेमतेम 2 मिलिमीटरचा, बोटाच्या टोकाच्या रुंदीतच मावणारा. बोट उचलायचंही नाही, नुसतं मागे कलवायचं. लहरी मंदावतात, थांबतात, आणि गांधार तंबोऱ्यात विरघळतो. ट्यूनर मी तारा मिळवायलाही आता लावत नाही. शिकणाऱ्यांनी तो दूरच ठेवावा, असं मला मनापासून वाटतं. काट्याकडे पाहणारा कान ऐकायचं थांबवतो.

आमच्या इमारतीत गोव्यातल्या साष्टीचे एक अंकल राहतात. लहानपणी चर्चच्या शाळेत शिकलेले. तिथल्या या शाळांनी मुलांना वाद्याआधी स्वरलेखन वाचून गायला शिकवलं आणि मुंबईच्या चित्रपटसंगीताला व्हायोलिनवादकांची फळीच दिली. प्यारेलालांना व्हायोलिन शिकवणारे अँथनी गोन्साल्विस माजोर्ड्याचे. अंकल आजही रोज उभं राहून जी मेजरची तीन सप्तकं वाजवतात. मेजर स्केल म्हणजे आपला बिलावलच, म्हणून एकदा आम्ही दोघांनी आळीपाळीनं वाजवून पाहिलं. त्यांचा निषाद माझ्याहून चढा, वरच्या षड्जाकडे झेपावणारा. माझा पंचमाच्या आधारानं बसलेला, पंचमाचा जणू गांधारच. दोन्ही खरे. अंकल म्हणाले, "तुझा नी बसतो, माझा नी चालतो."

पलट्यांचा वेग सरांनी फार उशिरा वाढवू दिला, आणि त्यांचं बरोबर होतं. एकाच तारेवर वर जाताना जागा आक्रसत जातात. मोकळ्या षड्जापासून रिषभ पावणेचार सेंटिमीटरच्या आत-बाहेर. तार षड्जापासून वरचा रिषभ त्याच्या निम्म्याच अंतरावर. सारेग, रेगम, गमप असा पलटा चढताना प्रत्येक पाऊल आधीच्यापेक्षा वेगळं मोजावं लागतं, आणि ते माप स्नायूंत मुरल्याशिवाय दुगुन केली तर बोटं धावतात, स्वर मागे राहतात. हल्ली संध्याकाळी मी पं. डी. के. दातार किंवा एन. राजम यांची आलापी लावते तेव्हा वेगळंच काही ऐकू येतं. तो लांबवलेला एकेक स्वर, त्यात शिरण्याची आणि त्यातून निघण्याची वाट. पहाटे मी जे घोटते त्याचाच तो पुढचा प्रदेश आहे.

आता सरांनी मारवा दिलाय. मारव्यात पंचम नाही, म्हणून तंबोऱ्याची पहिली तार निषादाला लावायची. षड्जही येतो तो टाळत टाळत. म्हणजे व्हायोलिनच्या ज्या मोकळ्या तारांनी मला इतके दिवस होकार दिला, त्यांचा आधार गेला. तारा बदलू का, असं विचारलं तर सर नको म्हणाले. या आठवड्याला तीनच स्वर आहेत: मंद्र धैवत, निषाद, कोमल रिषभ. निषाद तंबोऱ्यातून मिळतो. धैवत अजून शोधते आहे. कालच्यापेक्षा आज तो किंचित खाली सापडला.